पानमावशी

"केळी कोनाच्या घरी हाये, ते आदी सांगा. रडनं मंग."

पडद्याआडून ऐकलेलं हे तिचं पहिलं वाक्य. मी वॉर्डाच्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आत लोखंडी खाटेवर आई होती आणि उशाशी बाबा. आईला काय झालंय, ताप किती, कधीपासून, यातलं काही त्या आवाजानं विचारलं नाही. बाबा गोंधळून म्हणाले, "आमच्याच घरी हायेत. न्हानीच्या मागं चार-पाच झाडं."

"मंग झालं तं. अर्धी बिमारी तं आताच गेली," आवाज म्हणाला. पडदा बाजूला करून एक बुटकी, सावळी बाई बाहेर आली, माझ्या हातातला तांब्या घेऊन सगळं पाणी प्यायली, आणि रिकामा तांब्या तिनं मला परत दिला.

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. आदिलाबादच्या त्या दवाखान्यातल्या तेलुगू नर्स तिला 'आकुलम्मा' म्हणायच्या. आकु म्हणजे पान. आम्ही मराठी माणसं पानमावशी म्हणायचो. हुद्द्यानं ती आया होती. उजव्या हातात बांगडी नाही, नखं मुळापर्यंत कापलेली. डाव्या हातात मात्र कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कोणी विचारलं तर सांगायची, "एक हात दवाखान्याचा, एक माह्या हौसेचा." भाजलेली, अंथरुणाला खिळलेली, कातडीचे आजार झालेली सगळी माणसं तिच्या वाट्याला येत, आणि त्या सगळ्यांना ती केळीच्या पानांवर निजवी. गावातल्या केळी तिला पाठ होत्या. मावल्याच्या रस्त्याला कोणत्या मळ्यात नवी पानं सुटलीत, कोणत्या मास्तरांच्या मोरीमागची झाडं वाऱ्यानं फाटलीत, हे ती चालता चालता सांगायची. जणू ओळखीच्या माणसांची खुशाली सांगते आहे.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. पाठीला जखमा झालेली. तिनं पहिल्याच दिवशी मावशीला विचारलं, "कोनाची वो तू?" विचारण्याचा रोख सगळ्यांना कळला. मावशी वांकिडीकडची. तिचे आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, आणि एप्रिलातल्या जयंतीला ती पांढरं पातळ नेसून कामावर यायची. तिनं म्हातारीच्या कुशीखालून जुनं पान ओढत शांतपणे सांगितलं, "सध्या तं तुहीच हाओ. कूस पालटाची हाये ना? का थांबू, तुह्या जातीची येईपर्यंत?"

"पालट माय, पालट," म्हातारी घाईनं म्हणाली. सगळा वॉर्ड हसला, म्हातारीही हसली. पुढे दोघी एकमेकींशी भांडल्याशिवाय सकाळ साजरी करत नसत.

आईला आणलं तेव्हा तिच्या पाठीला कापूस चिकटलेला होता. तो कसा चिकटला, ते सांगायला हवं.

बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावात वेचणी चालू होती. पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता. आईच्या तोंडात पावसाळ्यापासूनच फोड येत होते. दिवाळीनंतर ते पाठीवर आणि छातीवर उतरले. पातळ, सैल फोड. फुटले की खाली ओली लाल जागा उरायची, आणि चादरीचा धागा न् धागा तिला टोचायचा. मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहातून सुट्टीला आलेले. काकू, म्हणजे धाकट्या काकांची बायको, दिवसभर शेतात. आमच्या भागात मऊ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. मी दुपारभर बसून पहिल्या वेचणीच्या कापसातली सरकी एकेक काढली, आणि आईच्या पाठीखाली वीतभर जाडीचा कापूस अंथरला. आई तापाच्या ग्लानीत होती. डोळे न उघडता ती म्हणाली, "मऊ." त्या आठवड्यात तिनं उच्चारलेला तो एकच शब्द. मला इतका आनंद झाला की मी खोलीबाहेर जाऊन उगाच उन्हात उभी राहिले.

सकाळपर्यंत कापूस तिच्या अंगाला धरून बसला होता. काकू तिला उठवायला गेली आणि कापसाबरोबर कातडी आली. आईची किंकाळी ऐकून बाबा धावले तेव्हा काकूच्या दोन्ही हातांत लाल झालेला कापूस होता.

"मानसाखाली कापूस कोन अंथरते? सोलली ना तू तिले!"

"मी नाई अंथरला, भाऊजी."

"मंग कोनं?"

काकूनं दाराकडे पाहिलं. दारात मी होते. मी मान खाली घातली. काकूनं आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग 'मी नाही' हे शब्द तिनं पुन्हा उच्चारले नाहीत. त्या दिवसापासून बाबांनी तिला आईच्या जवळ येऊ दिलं नाही. घरी नाही आणि दवाखान्यातही नाही.

मी का बोलले नाही? भीती होतीच. पण मला सवयच नव्हती. लहानपणापासून इंग्रजी शाळेत, घरापासून दूर. डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत यायचं, त्याला मराठीत आणेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असत. गप्प राहणारी मुलगी शहाणी समजली जाते, हेही मला लवकर कळलं होतं. त्या शहाणपणाचा आडोसा मला पुरत होता.

पहिल्या सकाळी मावशीनं तो कापूस काढला. कोमट मिठाचं पाणी, एक मऊ फडकं आणि तिची ती नखं नसलेली बोटं. आठ वाजता बसली ती दुपार होईपर्यंत. पाणी सोडायचं, थांबायचं, एक तंतू उचलायचा. पुन्हा पाणी. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं, त्यात वाफ तरंगत होती, आणि तिचं बोलणं त्या वाफेसारखंच चाललं होतं, न थांबता, कुठंच न पोचता. "माह्या बकरीचं नाव कलेक्टरीन हाये. दुसऱ्याच्या वावरात जाऊन तपासनी करते. दवाखान्याची पानं बी सोडत नाई, मी पदराखाली लपवून आनतो." आईला हसता येत नव्हतं, तोंडभर फोड होते; पण तिच्या पायाची बोटं हलली. मी भांडं धरून उभी होते.

कोणी केलं हे, असं मावशीनं विचारलं नाही. एकदाच भिजलेला कापूस बोटांत चोळून म्हणाली, "सरकी एक बी नाई यात. दुपार गेली असन कोनाची तरी." माझ्या हातातलं पाणी हिंदकळलं. "नीट धर वो, इंग्लिशबाई," ती म्हणाली.

मग पानं आली. ती तयार करायचा तिचा एक सोहळाच असायचा. देठाकडची जाड शीर ती ब्लेडच्या पातीनं तासून काढी, पान फाटू न देता. जांभळ्या औषधाच्या पाण्यात धुई. वाफेवर धरी, मग ते मऊ, गर्द, जवळजवळ काळं-हिरवं होई. चकचकीत बाजू वर. त्यावर तेलाचा नुसता हात फिरवून आईला असं सरकवून घेई की आपण हललो हे आईला कळत नसे. सकाळच्या उन्हात त्या खाटेभोवती हिरवा उजेड साचे. मला वाटे, आई तळ्याच्या तळाशी निजली आहे आणि मावशी वरून पाणी सारखं करते आहे.

"कापूस चिकटते, कापड चिकटते, मानूस बी चिकटते," ती म्हणायची. "पान कोनाले चिकटत नाई, मनून ते सगळ्याले चालते."

डॉक्टर तेलुगू बोलणारे, अबोल, चष्म्यातून दमलेले. आईच्या खांद्याजवळच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर त्यांनी अंगठा टेकवून हलकेच सरकवला, आणि पिकलेल्या टोमॅटोच्या सालीसारखी वरची कातडी अंगठ्याबरोबर सरकली. त्यांनी मान हलवली. मी इंग्रजी शाळेतली हे कळल्यावर ते इंग्रजीत बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं जाडजूड पुस्तक पानात खूण घालून माझ्या हातात दिलं. हा रोग लागत नाही, एवढं सगळ्यांना सांग, म्हणाले. आणि गोळ्या एक दिवसही चुकल्या तर आई हातची जाईल, हेही.

दुपारी वॉर्ड पेंगत असताना मावशी माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. "काय लिवलं हाये त्यात? सांग नं."

मी सांगायला लागले आणि अडकले. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, त्यांच्यामध्ये काहीतरी असतं. पुस्तकात तेव्हा त्याला नुसतं पेशींमधलं सिमेंट म्हटलेलं होतं. रोगाशी लढणारी शरीराची फौज चुकून त्या सिमेंटलाच शत्रू समजते. मग पेशी जिवंत असतात, पण एकमेकींना सोडून देतात, आणि मध्ये पाणी भरतं. तोच फोड. एवढं बोलायला मला किती वेळ लागला, आणि किती शब्द मी हातांनीच सांगितले.

मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "पिठाची चिकी गेली मन नं. ज्वारीचं पीठ जुनं झालं का त्याची चिकी जाते. पीठ बी तेच, हात बी तोच, पन भाकर थापाले गेलं का चिरते. तसं झालं हिचं." मग तिनं विचारलं, "आन् चिकी खाल्ली कोनं मनतं? भायेरचं कोनी नाई?"

"नाही. आपलंच शरीर."

"घरच्याच मानसानं," ती म्हणाली, आणि उठून पानं वाफवायला गेली. मी पुस्तक मिटलं. पुढची ओळ मला वाचता येईना.

पुढे हैदराबादला एम.एस्सी. करताना, नव्वदीच्या मध्यावर, एका व्याख्यानात मला त्या सिमेंटचं नाव ऐकू आलं. तोवर शास्त्रज्ञांनी त्यातले रेणू एकेक करून ओळखले होते. आईच्या आजारात मार खाणारा रेणू कॅडहेरिन नावाच्या कुळातला निघाला. प्राध्यापक फळ्यावर दोन पेशी काढत होते आणि त्यांच्यामधून एकमेकांत अडकलेले हात. त्याच हातांनी गर्भातली पेशी आपल्यासारखीला ओळखते, जवळ राहते, आणि नुसत्या गोळ्याचं हृदय होतं, पाठ होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुसऱ्या जातीच्या रेणूंनी नसेच्या भिंतीला क्षणभर धरतात, तेव्हाच त्यांना जखमेकडे वळता येतं. ज्या बाळांत ते रेणू नसतात त्यांची नाळ लवकर गळत नाही आणि जखमेत पू धरत नाही, कारण मदतीला निघालेल्या पेशी उतरायचं ठिकाण सोडून वाहत पुढे जातात. आणि कर्करोगात गाठीतल्या काही पेशी शेजारणीचा हात सोडतात आणि भटकायला निघतात. धरणं कमी झालं तरी रोग, नको तिथं धरलं तरी रोग. वर्गात पंखा फिरत होता, मला हिरवा उजेड दिसत होता. त्या दिवसाच्या वहीत सगळं इंग्रजीत आहे. समासात फक्त एक मराठी शब्द आहे, 'चिकी'. पुढच्याच सुट्टीत मी मावशीला ते नाव सांगायला म्हणून आदिलाबादला उतरले होते. ती निवृत्त होऊन वांकिडीकडे गेली होती, आणि तिथं पोचले तेव्हा दोन पावसाळे उशीर झाला होता. तिच्या सुनेनं मला चहा दिला. अंगणात केळ नव्हती, बकरी होती.

पण मी पुढे गेले. दवाखान्यात आम्ही जवळजवळ दोन महिने होतो; सुट्टी संपली तरी मी वसतिगृहाला परतले नव्हते.

आमची पानं रोज सकाळी गावाहून येत. पहिल्या बसच्या टपावर, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. कापून पाठवी काकू. बाबा पानं घेत, काकूचं नाव घेत नसत. मावशी मात्र पुडकं सोडलं की कापलेल्या देठांवरून अंगठा फिरवून पाही. "कोन कापते वो ही पानं? एक बी शीर तुटली नाई. पान फाडून आननारे लय पाह्यले, झाडाले विचारून कापनारं मानूस पयल्यांदाच पाहून राह्यली." बाबा खिडकीबाहेर पाहत. मी पानं मोजल्यासारखी करी.

माझ्या गप्प बसण्यावर मावशीची नजर होती. आईचं पान बदलताना वेदनेवरून तिचं मन काढायला कोणाला तरी बोलत राहावं लागे. मावशी मला म्हणे, "आज तू बोल. माही बकरी सांगून सांगून म्हातारी झाली." मी शब्द शोधत राही. "तुह्या शाळेत बोलाले सुट्टी असते काय? हिचं तोंड फोडानं बंद हाये. तुहं काऊन बंद हाये, ते तं डाक्टरले बी नाई सापडाचं." ती हसत हसत बोले, पण एकदा, पान सरकवता सरकवता, न हसता म्हणाली, "आतल्या आत पानी भरलं का फोड होते, पोरी."

हळूहळू गोळ्यांनी काम केलं. आईचा चेहरा गोल झाला, सुजल्यासारखा. पण नवे फोड थांबले. एका सकाळी डॉक्टरांनी अंगठा सरकवला आणि कातडी जागची हलली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा करून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. मावशीनं आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या वाजवल्या, तो तिचा टाळ्या वाजवायचा प्रकार. त्या दिवशी आईनं आंबील घेतली आणि किती दिवसांनी सबंध वाक्य बोलली, "मीठ कमी हाये." शेजारची म्हातारी म्हणाली, "आली बाप्पा जागेवर."

घरी जायचा दिवस ठरला. पाठीवर अजून दोन तळहातांएवढी जागा भरायची राहिली होती. महिनाभर तरी दिवसाआड पान बदलायला हवं होतं, गोळ्या घड्याळावर द्यायला हव्या होत्या. डॉक्टर बाबांना स्पष्टच म्हणाले, हे नीट झालं नाही तर जखम चिघळेल, आणि या गोळ्यांवर असलेल्या माणसाला चिघळणं झेपत नाही. मावशीनं शेवटचं पान धुतलं आणि विचारलं, "घरी कोन करन हे? त्याले शिकवतो मी."

"मी करन," बाबा म्हणाले.

मावशीनं पान त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते जपून उचललं, श्वास रोखून, जसं आजवर काही उचललं नसेल. आणि ते मधोमध फाटलं. त्यांनी दुसरं घेतलं. तेही फाटलं. माझे बाबा, कापसाच्या दोन मणांच्या गाठोड्याला पाठ देणारे, ते फाटलेलं पान हातात धरून उभे राहिले.

"मंग ही," त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिची परीक्षा हाये. हे तं सोमवारी चालली वसतिगृहाले," मावशी म्हणाली. "घरात दुसरी बाई नाई काय?"

"हाये."

"हात कसा हाये तिचा?"

बाबांनी फाटलेलं पान खाली ठेवलं. गोणपाटावर सकाळची पानं होती. त्यांची देठं एका रेषेत कापलेली.

"हात कसाबी असन," ते शेवटी म्हणाले. "त्या हातानं नाई. त्याच हातानं कापूस अंथरला व्हता हिच्याखाली. मी जिता हाओ तवर माह्या घरात तिचा हात हिले लागनार नाई."

आई खाटेच्या कडेला बसली होती, नवं पातळ नेसून, पाठ कुठं टेकू नये म्हणून ताठ. तिनं बाबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मावशी तासलेली शीर हातात घेऊन नुसती उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी नेहमीसारखी मान खाली घातली असती. बाहेर कोणीतरी नळ सोडला, बादली भरू लागली. मला कळत होतं की ती भरून वाहायला लागली की बाबा पिशवी उचलतील, आम्ही बसला जाऊ, आणि आई अशा घरी पोचेल जिथं तिची पाठ जपणारा एकुलता हात दाराबाहेर उभा असेल.

मी आईच्या आणि बाबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, मोठा, वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जाणारा.

"बाबा, कापूस मी अंथरला होता. काकूला माहीत होतं. तिला बोलवा, मावशी शिकवेल."